लॅब्रॅडॉरचं पिल्लू घेताय? आधी आईबापाचे रिपोर्ट मागा

"चांगला ब्रीडर सांग ना, पेपरवालं पिल्लू हवंय." महिन्यातनं दोनतीनदा तरी कोणीतरी हे विचारतंच, सोसायटीच्या लिफ्टमधे, डॉक्टरकडे रांगेत, सकाळी फिरायला गेलं की. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय.

मी नेरुळला राहते. आमचा बंड्या, लॅब, आता सहा वर्षांचा. त्याचेपण पेपर होते, केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडिया, कुत्र्यांची वंशावळ नोंदवणारी संस्था), तीन पिढ्यांची नावं, बापाच्या नावापुढे चॅम्पियन. अकराव्या महिन्यात तो मागचे दोन्ही पाय एकत्र उचलून सशासारखा टुणटुण पळायला लागला आणि आम्ही सगळे बघून खूष, मस्ती करतोय म्हणून. मग एके सकाळी हॉलच्या टाइल्सवर उठायला गेला तर मागचा भाग उठेचना, पाय दोन बाजूंना फाकले आणि तो तसाच माझ्याकडे बघत बसला. एक्सरेत डॉक्टरांनी पेनने दाखवलं, खुब्याची वाटी उथळ आणि हाडाची गोटी अर्धी बाहेर, दोन्ही बाजूंना. हिप डिस्प्लेझिया. ब्रीडरला फोन केला तर म्हणे तुम्ही जास्त खायला घातलंत. मी विचारलं आईबापाचे एक्सरे काढले होते का, तर फोन कट, आणि नंतर उचललाच नाही.

तर पहिली गोष्ट. केसीआयचा पेपर म्हणजे वंशावळ, तब्येतीचा दाखला नाही. रेशनकार्डावर घरातल्या सगळ्यांची नावं असतात पण त्यावरून कोणाला शुगर आहे ते कळतं का? तसंच आहे हे. पेपर हवाच, पण त्याच्या सोबत आईबापाचे मेडिकल रिपोर्ट हवेत, आणि पिल्लाचे नाही तर आईबापाचेच, कारण आठ आठवड्यांच्या पिल्लात यातलं बरंचसं दिसतच नाही.

लॅब, गोल्डन, जर्मन शेफर्ड घेत असाल तर हिप आणि एल्बोचे एक्सरे मागा. हिपचा त्रास एका जीनमुळे होत नाही, बरेच जीन्स असतात, वर वजन, वाढ, घसरडी फरशी हेही असतं, त्यामुळे "डीएनए टेस्ट केलीय, हिप ओके आहे" असं कोणी सांगितलं तर तिथेच थांबा. एक्सरेच लागतो. ब्रिटनच्या पद्धतीत प्रत्येक बाजूला 0 ते 53 मार्क असतात आणि जितके कमी तितकं चांगलं. अमेरिकेच्या ओएफएचा (कुत्र्यांच्या हाडासांध्यांचे एक्सरे तपासणारी संस्था) फायनल ग्रेड कुत्रा 24 महिन्यांचा झाल्याशिवाय मिळत नाही. आपल्याकडच्या नियमात मात्र मादी 18 महिन्यांची झाली की ब्रीडिंगला चालते, म्हणजे मधल्या सहा महिन्यांत फायनल हिप रिपोर्ट नसतानाच कायदेशीर पिल्लं होऊ शकतात. म्हणून आईची जन्मतारीख आणि एक्सरेची तारीख शेजारी शेजारी ठेवून बघा.

डीएनए टेस्टचा उपयोग दुसरीकडे आहे. लॅबमधे डोळ्यांचा पीआरए (हळूहळू दिसेनासं होतं) आणि ईआयसी (जोरात पळाल्यावर मागचे पाय लटपटून कोसळतो) यांच्या टेस्ट असतात, रिझल्ट तीन प्रकारचे, क्लिअर, कॅरियर (दोषी जीनची एकच प्रत असलेला), अफेक्टेड. कॅरियर ऐकून घाबरू नका, कॅरियरला स्वतःला तो आजार होत नाही, त्याची मेटिंग क्लिअरशी केली तर पिल्लंपण सुरक्षित. दोन्ही कॅरियर असतील तर प्रत्येक पिल्लाला आजार व्हायचा चान्स चारात एक. कॅरियर लपवणाऱ्यापेक्षा "आई कॅरियर आहे म्हणून बाप मुद्दाम क्लिअर निवडला" असं सांगणारा ब्रीडर मला शंभरपट चालेल.

डोबरमनच्या हार्टची तपासणी, इको (हार्टची सोनोग्राफी) आणि 24 तासांचा हॉल्टर (अंगावर लावून ठेवायचा ईसीजी), तीही दरवर्षी कारण हा त्रास उशिरा निघतो. डाल्मेशियनला कानांची बेअर टेस्ट, म्हणजे ऐकू येतं का ते बघणारी. डॅक्सहुंडच्या घराण्यात पाठीच्या मणक्याचा त्रास कोणाला झालाय का ते विचारा.

पग आणि फ्रेंच बुलडॉगबद्दल माझं मत स्पष्ट आहे, आपल्या हवेत घेऊ नका. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो आणि ज्याच्या नाकपुड्याच चिकटलेल्या आहेत तो मे महिन्यात दमट उकाड्यात काय धापा टाकणार. तरी घ्यायचंच असेल तर आईला तीन मिनिटं भरभर चालवायला सांगा आणि मग जवळ बसून श्वास ऐका. केंब्रिज आणि ब्रिटिश केनेल क्लबने 2019 मधे याचीच ग्रेडिंग पद्धत सुरू केली, 0 ते 3, तिथे डॉक्टर चालवण्याच्या आधी आणि नंतर स्टेथोस्कोपने ऐकतात. जागेपणी घोरल्यासारखा आवाज येत असेल तर तो क्यूट नाहीये, त्याला हवा कमी पडतेय.

आता बघायला जाणं. पिल्लू ब्रीडरच्या जागेवर आईसोबतच बघायचं. "माजिवड्याला ब्रिजखाली या, गाडीत घेऊन येतो" असं म्हणाला तर जाऊ नका, आम्ही बंड्याला असंच घेतलं, भाजीच्या क्रेटमधून, आई बघितलीच नाही. तिथे गेल्यावर आई पिल्लांजवळ कशी वागते, तिची फर, वजन, चाल बघा, तिला उठवून दहा पावलं चालवायला सांगा. किती जातींची पिल्लं एकाच वेळी विकायला आहेत तेही मोजा. चारपाच जाती असतील तर मी तिथून घेणार नाही.

आणि पेपर घेऊन बोट ठेवून वाचा. बापाच्या बाजूचा आजोबा आणि आईच्या बाजूचा आजोबा एकच नाव आहे का? बंड्याचा एकच निघाला, म्हणजे आईबाप सावत्र भावंडं, आणि हे आम्ही वाचलं एक्सरेनंतर. ब्रिटिश केनेल क्लबने 2009 पासून आईबाप-पिल्लू आणि सख्ख्या भावंडांच्या मेटिंगची पिल्लं रजिस्टर करणं बंद केलं. आपल्याकडे 2017 च्या डॉग ब्रीडिंग नियमांतही जवळच्या नात्यात मेटिंगला मनाई आहे. त्याच नियमांनुसार ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायला हवी, मादीचं वर्षात एकच वेत, आयुष्यात पाचच, वय आठ वर्षांपर्यंत, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही, आणि मायक्रोचिप हवी. चिपचा नंबर 15 आकडी असतो, ओळखीच्या डॉक्टरकडे स्कॅनर असेल तर तो कागदाशी जुळवून घ्या. रिपोर्टवरही कुत्र्याचा चिप नंबर असायला हवा, नाहीतर तो एक्सरे कुठल्याही कुत्र्याचा असू शकतो.

जायच्या आधी व्हॉट्सॲपवर हा मेसेज टाका, कॉपी करा हवं तर:

"नमस्कार, पिल्लू बघायला यायचंय. आईबापाचे चिप नंबर, हिप-एल्बोचे रिपोर्ट, डीएनए रिपोर्ट आणि तुमचा नोंदणी नंबर पाठवाल का? आईचं हे कितवं वेत आहे? पुढे आनुवंशिक आजार निघाला तर तुमची जबाबदारी काय, ते लिहून द्याल ना?"

काहीजण चिडतील, "घ्यायचंय की इन्स्पेक्शन करायचंय" म्हणतील, त्यांना सोडून द्या. चांगला ब्रीडर उलट तुम्हालाच प्रश्न विचारतो, घरी दिवसभर कोण असतं, लिफ्ट आहे का, याआधी कुत्रा होता का.

पैसे कॅश देऊ नका. यूपीआय किंवा बँकेतून द्या, आणि पावतीवर चिप नंबर, जन्मतारीख, लसी, जंताचं औषध कधी दिलं ते, आणि दोन वर्षांच्या आत आनुवंशिक आजार निघाला तर काय करणार ते लिहून घ्या. इथे एक सांगते, "बदली पिल्लू देऊ" एवढ्यावर सही करू नका. वर्षभर उशाशी झोपलेला जीव कोणी परत करतं का? उपचाराच्या खर्चात इतका वाटा, किंवा किमतीचा इतका परतावा, असं आकड्यात लिहून घ्या.

फसवलं गेलात तर आधी लेखी नोटीस, मग ग्राहक हेल्पलाइन 1915, मग जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते आणि किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. खारघर-कामोठेवाल्यांनी लक्षात ठेवा, तुम्ही रायगड जिल्ह्यात येता, वाशी-नेरुळ ठाण्यात, त्याप्रमाणे आयोग बघा. आमच्याकडे ना पावती होती ना बँक ट्रान्सफरचा पुरावा, म्हणून आम्हाला काहीच करता आलं नाही.

पिल्लू घरी आणलं की दोनतीन दिवसांत डॉक्टरांना दाखवा, पार्वोची (पिल्लांना उलट्या-जुलाब होणारा जीवघेणा आजार) लक्षणं बरेचदा घरी आल्यावरच दिसतात. टाइल्सवर रबरी मॅट टाका, मोठ्या जातीचं पिल्लू बारीकच ठेवा, फासळ्या हाताला लागल्या पाहिजेत. दोन वर्षांचा झाला की एक्सरे काढून रिपोर्ट ब्रीडरला पाठवा, चांगला आला तरी पाठवा, कारण पुढची मेटिंग करायची की नाही हे त्याला त्यावरूनच कळतं.

आणि पहिल्याच दिवशी त्याच वेतातली बाकीची पिल्लं कोणी घेतली त्यांचे नंबर, त्यांना विचारून, ब्रीडरकडून घ्या आणि ग्रुप करा. आम्हाला बंड्याची सख्खी बहीण कोलशेतला सापडली, तीही योगायोगाने, डॉक्टरकडच्या रांगेत. तिचाही एक्सरे तसाच, आणि तिच्या घरच्यांनाही फोनवर हेच सांगितलेलं की तुम्ही जास्त खायला घातलंत.