वॉशिंग मशीनची निगा राखताना या चुका टाळा

ठाण्यात घोडबंदर रोडवरील अनेक संकुलांत पालिकेच्या पाण्याला टँकरची किंवा बोअरवेलची जोड द्यावी लागते. हे पाणी बहुधा जड, म्हणजे क्षारयुक्त, असल्याने फेस कमी येतो, मग पावडरचा एक चमचा वाढतो आणि महिन्याभरात मापच विसरले जाते. जड पाण्यात पावडर थोडी अधिक लागते हे खरे. परंतु भरपूर फेस म्हणजे स्वच्छ कपडे, ही समजूत बादलीतल्या धुण्याची आहे. फ्रंट लोड, म्हणजे समोर दार असलेले, मशीन मुळात कमी पाणी घेते, त्यामुळे फेस अति झाला की कपडे नीट घुसळले जात नाहीत आणि न विसळलेली पावडर, मळ व क्षार यांचा करडा, चिकट थर ड्रमच्या मागे साचतो. कुबट वास त्या थराचाच असतो. तो झाकण्यासाठी सुगंधी सॉफ्टनर ओतणाऱ्यांपुढे मी हात टेकले आहेत, कारण त्याने थरात भरच पडते. मी फ्रंट लोडसाठीचेच डिटर्जंट मापाने घेतो आणि दर महिन्याला रिकाम्या मशीनवर गरम पाण्याचे टब क्लीन, म्हणजे ड्रम धुण्याचे सेटिंग, चालवतो. क्षारांसाठी किराणा दुकानातले लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, माहितीपुस्तिकेची हरकत नसल्यास चालते. मात्र त्यात ब्लीच कदापि मिसळू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

दुसरी चूक म्हणजे मशीनच्या खालच्या कोपऱ्यातील छोटे झाकण कधीच न उघडणे; पाणी बाहेर टाकणाऱ्या पंपाचा फिल्टर त्यामागेच असतो. कासारवडवलीच्या एका शेजाऱ्यांचे मशीन ऐन जुलैत पाण्याने भरलेले असतानाच बंद पडले आणि दुरुस्ती करणाऱ्याने फोनवरच पंप बदलण्याचा सल्ला दिला. घरातील उतावळ्या चिरंजीवांनी मोबाइलवर अर्धा व्हिडिओ पाहून फिल्टर एका दमात फिरवला. पाणी थेट दिवाणखान्यातील कपाटाखाली गेले. फिल्टरमध्ये निघाले एक नाणे, केसांच्या पिना आणि धाग्यांचा बोळा. पंप ठणठणीत होता. वीज बंद करावी, पाणी गरम असल्यास निवू द्यावे, शेजारची बारीक नळी असल्यास तिच्यातून पाणी पसरट भांड्यात काढावे आणि मगच फिल्टर हळूहळू सैल करावा. हे काम दहा मिनिटांचे आहे, पण तेवढा धीर कोणाला नसतो.

दाराच्या रबरी कडेची घडी धुण्यानंतर पुसावी आणि दार किंचित उघडे ठेवावे, मात्र घरात लहान मूल असेल तर लक्ष ठेवून. पावसाळ्यात ओल्या मशीनवर प्लास्टिकचे कव्हर चढवू नये. नवी मुंबईत ड्राय बाल्कनीत मशीन ठेवणाऱ्यांनी पावसाची झड प्लगपर्यंत येत नाही ना, हे जून उजाडण्यापूर्वी पाहावे. मशीन पाणीच घेत नसेल, तर तंत्रज्ञाला बोलावण्याआधी नळ बंद करून मागच्या पाइपच्या तोंडाशी असलेली जाळी काढावी आणि जुन्या टूथब्रशने घासावी. टँकरच्या पाण्यातील गाळ बहुतेक वेळा तिथेच अडकलेला असतो.