सेवियात चार रात्री: ऐषारामी सांस्कृतिक सहल कशी आखावी

स्पेनला जाणारी मराठी मंडळी बहुधा बार्सिलोना, माद्रिद, ग्रानादा, सेविया अशी आठ-नऊ दिवसांची पळापळ करतात. पैसे चिक्कार जातात आणि तरी दर दुसऱ्या दिवशी पहाटे उठून बॅगा भराव्या लागतात. हातात बरे पैसे असतील आणि ते सुखात खर्च करायचे असतील, तर शहरं कमी करा आणि रात्री वाढवा. एकच शहर निवडायचं झालं तर मी सेविया सांगेन. इंग्रजी बुकिंग साइटवर ते सेव्हिल या नावाने सापडेल.

1503 साली अमेरिकेच्या व्यापाराचं नियंत्रण करणारी कचेरी इथे आली आणि 1717 मध्ये ती कादिझला हलली. त्यातला बराच काळ नव्या जगातलं सोनं-चांदी याच नदीबंदरातून स्पेनमध्ये शिरत होतं. ती श्रीमंती राजवाडे, चर्चं, सरदारांचे वाडे आणि चित्रं या रूपात आजही गावात आहे, आणि बहुतेक सगळं पायी फिरण्याजोग्या अंतरात. त्यासाठी चार रात्री हव्यात, तीन कमी पडतात.

पहिली पायरी: महिना

मार्चचा उत्तरार्ध ते मेचा मध्य, किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. मार्चअखेरीस रस्त्यांवरची संत्र्याची झाडं फुलतात आणि संध्याकाळी सगळ्या गावाला त्यांचा वास येतो. (त्या झाडांची संत्री तोडून खाऊ नका, ती कडू जातीची, मुरांब्याची असतात.) जुलै-ऑगस्टमध्ये पारा सर्रास चाळिशीपार जातो. तेव्हा उंची हॉटेलांचे दर उतरतात हे खरं, पण दुपारी बारा ते आठ खोलीत बसायची तयारी असेल तरच त्या सवलतीला अर्थ आहे.

वसंतात दोन मोठे सोहळे असतात. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात सेमाना सांता, म्हणजे धार्मिक मिरवणुका. आणि त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी फेरिया, म्हणजे जत्रा. सेमाना सांता एकदा पाहावाच असा आहे, पण त्या दिवसांत हॉटेलचे दर गगनाला भिडतात आणि तुमच्या गल्लीतून मिरवणूक जात असेल तर दारातून बाहेर पडणंही मुश्कील होतं. जायचंच ठरवलंत तर मिरवणुकीच्या मार्गावरची, सज्जा असलेली खोली घ्या. 2027 मध्ये ईस्टर 28 मार्चला आहे, त्यावरून तारखा मोजा. फेरियाच्या वाटेला मात्र ओळखीशिवाय जाऊ नये असं माझं मत. तिथले बहुतेक मांडव खासगी असतात. आमंत्रण नसेल तर सार्वजनिक मांडवांतच जागा मिळते.

दुसरी पायरी: व्हिसा आणि वाट

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. सुट्टीच्या मोसमात अपॉइंटमेंट मिळणं हेच अवघड असतं, म्हणून विमानाच्या तिकिटाइतकीच घाई त्याची करा. किमान 30,000 युरोचं वैद्यकीय कवच देणारा प्रवास विमा सक्तीचा आहे. युरोपातले आणखी देश जोडणार असाल, तर ज्या देशात सर्वात जास्त दिवस राहणार तिथे अर्ज करायचा असतो.

मुंबईहून एक थांबा घेऊन माद्रिद गाठा आणि पुढे रेल्वेने जा. माद्रिद-सेविया ही स्पेनची पहिली अतिवेगवान रेल्वे, 1992 मध्ये सुरू झालेली. साधारण अडीच तास लागतात. वरच्या वर्गाचं तिकीट लवकर काढलं तर दरात फार फरक पडत नाही. माद्रिदच्या अतोचा स्थानकात सामानाची तपासणी होते, तेव्हा थोडं आधी पोचा. विमान उतरल्या दिवशीच पुढची गाडी पकडण्याचा हट्ट मात्र नको. उशीर झाला तर महागडं तिकीटही वाया जातं.

तिसरी पायरी: हॉटेल

इथे दोन वाटा आहेत. एक म्हणजे ओतेल आल्फोन्सो त्रेसे. 1929 च्या इबेरो-अमेरिकन प्रदर्शनासाठी राजाच्या पुढाकाराने बांधलेलं, 1928 मध्ये उघडलेलं हे हॉटेल. कमानी, रंगीत फरशा, मधोमध मोठा चौक. खर्च परवडत नसेल तर चौकात बसून एक कॉफी घ्या, वास्तू तेवढ्यातही पाहून होते. दुसरी वाट म्हणजे जुन्या वाड्यांची झालेली छोटी हॉटेलं. माझा कौल दुसऱ्या वाटेला. मोजक्या खोल्या, आतला चौक, गच्चीवरून दिसणारा कॅथेड्रलचा मनोरा. शिवाय स्वागतकक्षात बसलेल्या माणसाला तुमचं नाव माहीत असतं.

बुकिंग करताना दोन गोष्टी विचारा: खोली चौकाकडे आहे की रस्त्याकडे (रस्त्यावरची गप्पाष्टकं रात्री एकपर्यंत चालतात), आणि टॅक्सी दारापर्यंत येते का. सांता क्रूझ भागातल्या बऱ्याच गल्ल्यांत गाडी शिरत नाही आणि दगडी फरसबंदीवरून चाकांच्या मोठ्या बॅगा ओढणं ही शिक्षा आहे. हॉटेलला आधी कळवलं तर सामान न्यायला माणूस पाठवतात.

चौथी पायरी: तिकिटं, आणि इथेच सगळी मेख आहे

अल्काझार हा राजवाडा हे सेवियाचं हृदय. पेद्रो पहिला या ख्रिस्ती राजाने 1364 मध्ये मुस्लिम शैलीतल्या कारागिरांकडून इथे महाल उभारायला घेतला. टोलेदो, ग्रानादा आणि सेवियाचे कारागीर एकत्र आले, म्हणून ख्रिस्ती राजाच्या भिंतींवर अरबी अक्षरं दिसतात. राजदूतांच्या दालनावरचा सोनेरी लाकडी घुमट 1427 चा. तिकीट अधिकृत संकेतस्थळावरून, दिवसातल्या पहिल्या वेळेचं काढा आणि पासपोर्ट जवळ ठेवा. आत शिरल्यावर गर्दीमागे क्रमाने न जाता थेट पेद्रोच्या महालाकडे चला. पहिली वीसेक मिनिटं चौक जवळजवळ तुमचाच असतो. बागा नंतर पाहा; त्या प्रशस्त आहेत, गर्दी तिथे जाणवत नाही.

वरचा मजला बहुतेक लोकांच्या ध्यानातच येत नाही. राजघराणं सेवियात आलं की आजही तिथे उतरतं. त्याचं तिकीट वेगळं असतं, लहान गटानेच सोडतात, फोटोला मनाई आहे आणि जागा फार आधी संपतात. ते तिकीट आधी मिळवा आणि बाकीचा कार्यक्रम त्याभोवती बसवा. उन्हाळ्यात जाणार असाल तर राजवाड्याच्या बागेत रात्रीच्या मैफली होतात. हॉटेलवरच्या खर्चापुढे त्यांचं तिकीट किरकोळ आहे.

कॅथेड्रलचं काम 1401 मध्ये ठरलं आणि पुढे शतकभर चाललं. हिराल्दा मनोरा मुळात मशिदीचा मिनार, बाराव्या शतकाच्या शेवटी पुरा झालेला. वर चढायला 35 उतार आहेत. पायऱ्या फक्त शेवटी, त्यामुळे ज्येष्ठांनाही दमाने जमतं. छतावरून नेणारी मार्गदर्शित फेरीही मिळते. गुडघे ठीक असतील तर ती घ्याच. आत कोलंबसची शवपेटी स्पेनमधल्या चार राज्यांच्या प्रतीक-पुतळ्यांनी खांद्यावर घेतलेली दिसेल. ही समाधी आधी हवानात होती. 1898 मध्ये क्युबा हातचा गेल्यावर ती इकडे आली.

शेजारीच इंडीजचं, म्हणजे स्पेनच्या समुद्रापारच्या वसाहतींचं अभिलेखागार आहे, 1785 साली स्थापन झालेलं, प्रवेश मोफत. गोव्याशी नातं असलेल्या माणसाने इथे थोडं थांबावं. 1494 च्या तोर्देसियासच्या करारात स्पेन आणि पोर्तुगालने युरोपाबाहेरचं जग आपसांत वाटून घेतलं आणि पूर्वेकडची वाट पोर्तुगालच्या पदरात पडली. त्या कराराची एक मूळ प्रत या संग्रहात आहे.

पाचवी पायरी: दिवसाचं घड्याळ

सकाळी एकच मोठं ठिकाण. दोनच्या सुमारास जेवण. पाचपर्यंत खोली, पोहण्याचा तलाव किंवा जुन्या वाड्यातलं हमाम. संध्याकाळी एक वाडा किंवा संग्रहालय, आणि नऊनंतर पुन्हा खाणं. दुपारी चारला भूक लागली तर बऱ्याच स्वयंपाकघरांची दारं बंद असतात, आणि साडेसातला जेवायला गेलात तर टेबलं पुसत असतील.

वाड्यांपैकी कासा दे पिलातोस आधी पाहा, त्याच्या भिंतींवरच्या फरशांसाठी. मग लास दुएन्यास, आल्बा सरदार घराण्याचा वाडा. कवी आंतोनियो माचादो 1875 मध्ये तिथेच जन्मला. ललितकला संग्रहालय एका जुन्या मठात आहे, मुरिय्यो आणि सुर्बारान यांच्या चित्रांसाठी जा. युरोपीय संघाबाहेरच्यांना अवघं दीड युरो तिकीट. सोमवारी ते बंद असतं. अर्ध्या दिवसासाठी परवानाधारक खासगी मार्गदर्शक घेतलात तर तो अल्काझार आणि कॅथेड्रलसाठीच वापरा. घोडागाडीचे पैसे त्याच्याकडे वळवा.

एक दिवस कोर्दोबासाठी: अतिवेगवान गाडीने पाऊण तास, सकाळी जाऊन जेवणानंतर परत.

सहावी पायरी: फ्लेमेंको

फ्लेमेंको म्हणजे इथलं पारंपरिक गाणं, गिटार आणि नाच. त्याचा जेवणासकटचा प्रयोग घेऊ नका. ताटल्यांच्या खणखणाटात ना गाणं ऐकू येतं ना जेवणाकडे लक्ष राहतं. लहान जागा निवडा, जिथे ध्वनिक्षेपक नसतो आणि नर्तकीच्या टाचा लाकडी फळीवर प्रत्यक्ष ऐकू येतात. नृत्य संग्रहालयातले किंवा जुन्या घरांच्या चौकातले तासाभराचे प्रयोग चांगले असतात. दाद आपल्या बैठकीसारखीच, नेमक्या जागी ‘ओले’ म्हणून द्यायची. टाळ्यांचा ठेका मात्र कलाकारांवर सोडा, तो दिसतो त्याहून फार अवघड असतो. सम वर्षी सप्टेंबरमध्ये इथे फ्लेमेंकोचा मोठा द्वैवार्षिक महोत्सव असतो, 1980 पासून.

भारतीय दिसलात की कोणीतरी सांगेलच, की हे सगळं कथ्थकमधून आलं. फ्लेमेंकोशी ज्यांचं नाव जोडलं जातं त्या रोमा (जिप्सी) लोकांचे पूर्वज वायव्य भारतातून गेले हे भाषेवरून सिद्ध आहे. पण फ्लेमेंको घडलं ते आंदालुसियातच, म्हणजे सेविया ज्या प्रांतात आहे तिथेच, अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत, अनेक प्रवाह मिसळून.

सातवी पायरी: शाकाहाऱ्यांची सोय

फक्त ‘वेखेतारियानो’ (शाकाहारी) म्हणून भागत नाही, कधी कधी सॅलडवर ट्यूना येतो. ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन’ म्हणा: मांस नको, मासे नकोत, हॅम नको. पालक-छोल्यांची एस्पिनाकास कोन गार्बान्सोस ही सेवियाची खास डिश आणि आपल्या जिभेला ती लगेच रुचते. साल्मोरेखो म्हणजे टोमॅटो-पावाचं घट्ट गार सूप. त्यावर हॅम आणि अंड्याचे तुकडे टाकतात, ते आधीच नको सांगा. 1670 पासून चालत आलेल्या एल रिंकोंसियोत काउंटरपाशी उभं राहिलात तर हिशेब खडूने समोरच्या लाकडावर लिहितात.

गोडासाठी मठांकडे वळा. सान लेआंद्रोच्या जोगिणी ‘येमास’ विकतात ते फिरत्या लाकडी खिडकीतून: पैसे ठेवायचे, खिडकी फिरते, डबा येतो. येमास अंड्याच्या बलकाचे असतात, घरी सोवळ्याची मंडळी असतील तर त्यांना आधी सांगा. सांता पाउला मठातले मुरांबे मात्र भेट म्हणून बिनधोक आणता येतात. बाटल्या काचेच्या असतात, म्हणून चेक-इन बॅगेत कपड्यांमध्ये गुंडाळा. हातातल्या बॅगेत मुरांबा द्रवात धरतात आणि माद्रिदच्या विमानतळावर काढून घेतात.