टिटवीपासून सुरुवात करा: प्राण्यांचं वर्तन अभ्यासू पाहणाऱ्यांसाठी

खानापूर, निपाणी, चिकोडीकडची बी.एस्सी.ची मुलं भेटली की विचारतात, "प्राण्यांच्या वर्तनावर काम करायचंय, सुरुवात कशी करू?" बहुतेकांच्या मनात भीमगड अभयारण्याचं जंगल आणि वाघ असतो. मी सांगतो, टिटवी बघा. अभयारण्यात शिरायला वनखात्याची परवानगी लागते, ती मिळेपर्यंत हंगाम निघून जातो. टिटवी तुमच्या शेतातच आहे.

मी खानापूर तालुक्यातला. एम.एस्सी.च्या प्रकल्पाला टिटवी घेतली तेव्हा आजी नाराज झाली होती, कारण तिच्या लेखी टिटवीचं ओरडणं अशुभ. पहिला महिनाभर मी वहीत लिहीत होतो, 'अंड्यांवर बसली', 'उठली', 'ओरडली'. सरांनी वही चाळली आणि विचारलं, "तेव्हा ऊन किती होतं? वारा? अंडी कसल्या जमिनीवर होती?" माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. ती वही बाजूला ठेवावी लागली. महिना गेला याचं खूप वाईट वाटलं, पण तेव्हापासून पक्ष्याची कृती आणि जागेची अवस्था मी एकाच ओळीत लिहितो.

आपला बेळगाव जिल्हा या अभ्यासासाठी फार मोठी संधी आहे. पश्चिमेला कणकुंबीत वर्षाला कित्येक हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पूर्वेला अथणीकडे सहाशेच्या आतबाहेर. एकाच जिल्ह्यात घाटमाथ्याचं जंगल आहे आणि कोरडं माळरानही. तीच जात दोन्हीकडे बघितली, की प्रदेश वर्तनात काय बदल करतो ते समोर येतं.

टिटवी घरटं बांधत नाही. जमिनीत उथळ खळगा करते, भोवती खडे ठेवते आणि त्यात बहुधा चार अंडी घालते. अंडी इतकी मातकट, ठिपकेदार असतात, की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. आमच्या गावाजवळच्या भातखाचरात एप्रिलमधल्या सकाळी मादी शांतपणे अंड्यांवर बसून असायची. मग मी अथणीकडच्या माळावर गेलो. दुपारी बारा वाजता खड्यांवर थर्मामीटर टेकवला, तर पारा ५० च्या वर. तिथे टिटवी बसली नव्हती, उभी होती. पंख जरासे सैल सोडून, अंड्यांवर स्वतःची सावली धरून, चोच उघडी ठेवून धापा टाकत. थोड्या वेळाने जोडीदार ओढ्याकडून आला. त्याच्या पोटाची पिसं ओली होती. तो अंड्यांवर बसला, तसे खडे गडद झाले आणि बघता बघता पुन्हा वाळले.

एक धनगर मामा मागे येऊन उभे होते. "काय बघालायस रे पोरा?" मी सांगितलं. म्हणाले, "पाणी आणतंय ते. ओढा आटला की लांब जातंय." माझ्या पुढच्या दोन महिन्यांचा प्रश्न त्यांनी तिथे उभ्या उभ्या दिला: पाणी लांब गेलं, तर अंडी किती वेळ उघडी राहतात? मामा मराठीत बोलले म्हणून बरं. अथणी, रायबागकडे काम करणार असाल तर कन्नडही शिकून घ्या. माळाची खरी माहिती गुराख्यांकडे आणि मेंढपाळांकडेच आहे.

पद्धत साधी ठेवा. दर पाच मिनिटांनी घड्याळ बघायचं आणि त्या क्षणी पक्षी काय करतोय तेवढंच टिपायचं. निरीक्षण कसं टिपावं हे प्राणी-वर्तनाच्या अभ्यासक जीन आल्टमन यांनी १९७४ मध्ये एका लेखात नीट मांडलंय, तो मिळवून वाचा. दुर्बीण सेकंडहँड चालेल. घरट्यापासून लांब बसा. टिटवी ओरडत तुमच्यावर झेपावली किंवा पंख मोडल्यासारखं करून पळाली, तर तुम्ही तिला उठवलंय आणि अंडी उन्हात पडली आहेत. तिथून निघा.

हीच नजर पुढे मोठ्या प्राण्यांकडे नेता येते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये बेळगावच्या गोल्फ मैदानात बिबट्या आला, आसपासच्या शाळा कित्येक दिवस बंद राहिल्या. लोक विचारत होते, तो शहरात कसा? मला वाटतं, प्रश्न आडोशाचा होता. दाट झुडपं आणि लपायला जागा मिळाली की बिबट्या माणसांच्या अगदी जवळही दिवस काढतो. उसातही तेच घडतं.

भीमगडच्या जंगलातल्या बारापेडेच्या गुहांमधली रॉटनची वटवाघळं (Wroughton's free-tailed bat, एक दुर्मीळ जात) मात्र सुरुवातीला नकोच. कित्येक दशकं ही जात जगात फक्त तिथेच माहीत होती. बॅटरीच्या उजेडाने आणि आवाजाने ती बिथरतात. अनुभवी माणसाशिवाय आणि परवानगीशिवाय तिकडे जाऊ नका.

पुढच्या शिक्षणासाठी डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बेंगळुरूचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र (एनसीबीएस), दोन्हीकडचे एम.एस्सी. अभ्यासक्रम बघा. प्रवेश परीक्षा कठीण असते. पण मुलाखतीत स्वतःच्या हाताने भरलेली वही पुढे ठेवता येणं मोलाचं असतं.

मी बघितलेल्या त्या माळाच्या कडेला आता ठिबकवर ऊस आलाय. पाणी जवळ आलं, माळ मात्र आक्रसला. टिटव्यांच्या पाण्याच्या फेऱ्या कमी झाल्या का, अंडी आता बांधावर घालतात का, हे कुणी मोजणार असेल तर माझ्या जुन्या वह्या मी आनंदाने देईन.