कोल्हापुरात प्लॉट घेताय? पुराच्या बाबतीत या चुका टाळा

एप्रिलात प्लॉट बघून इसार देऊ नका. उन्हाळ्यात सगळीच जमीन शहाणी दिसते.

"नदी लांब आहे हो!" हे वाक्य ऐकून माझे कान किटलेत. पंचगंगा लांब असेल, जयंती नाला कुठं लांब आहे? नदी चढली की नाल्याचं पाणी पुढं सरकत नाही, फूग मारून मागं येतं. आमच्या एका पाहुण्यांनी नाल्याच्या अलीकडं घर बांधलं. मी म्हटलं, आधी लेव्हल बघू. म्हणाले, "तुम्ही इंजिनिअर लोक उगाच घाबरवता." २०१९ च्या ऑगस्टमध्ये गडी फाटकात वाळूची पोती रचून रात्रभर राखण करत बसला. पाणी फाटकातून आलंच नाही. न्हाणीघराच्या जाळीतून बुडबुडे काढत आलं. मला फोन, "अहो, घरातनंच पाणी यायला लागलंय!"

ड्रेनेजला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी बाहेर जाऊ देणारी, पण मागं येऊ न देणारी झडप) बसवला असता तर निदान ते थांबलं असतं. पण बसवून विसरूही नका, मे महिन्यात उघडून केस-कचरा काढा.

मी अजूनही लेव्हल बघायला गवंड्याची पाण्याची नळी घेऊन जातो. प्लॉटच्या आसपास २०२१ च्या पुराच्या पाण्याची खूण कुठल्यातरी भिंतीवर असतेच. तिथून लेव्हल प्लॉटवर आणायची आणि जोतं त्याच्या वर घ्यायचं. अर्ध्या दिवसाचं काम, पण लोकांना मोबाईलवरचा नकाशा पुरतो.

पूररेषेच्या नकाशावर निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. म्हणजे "आता शंभर वर्षं निवांत" असं नव्हे. निळ्या रेषेपर्यंत पाणी यायची शक्यता दर वर्षी ४ टक्के. २० वर्षांचं कर्ज फिटेपर्यंत ती निम्म्याच्या वर जाते. २०१९ ला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर पाणी होतं, दोनच वर्षांनी ५६ च्या वर.

बंधाऱ्याची धोका पातळी ४३ फूट, ती तुमच्या गल्लीची नव्हे. बंधाऱ्यावर किती फूट झालं की आपल्या दारात पाणी लागतं ते जुन्या शेजाऱ्याला विचारा आणि मीटरच्या पेटीवर खडूनं लिहा.

भराव टाकून उंची मिळवाल, पाणी शेजाऱ्याकडं ढकलाल. वर्षभरात भराव खचून भिंतींना तडे गेले की मला बोलवू नका.

इन्व्हर्टरची बॅटरी जिन्याखाली ठेवू नका. पाहुण्यांची तिथंच होती.