अडनिड्या मापाचा बोल्ट आणायला निघण्याआधी

गाडी खोलून पडली आहे, एक बोल्ट मोडलाय, आणि "दहाचा बोल्ट द्या" एवढं म्हटलं की भागेल असं वाटतंय. पण दहाचा म्हणजे दांडा दहाचा की पाना दहाचा? दहाचा पाना बहुतेक वेळा एम६ बोल्टला, म्हणजे ६ मिमी दांड्याच्या बोल्टला लागतो. दांडाच दहाचा असेल तर आटे १.५ चे, १.२५ चे की १ चे (म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर किती मिमी)? तिन्ही गाड्यांमध्ये सापडतात आणि नुसत्या नजरेला तिन्ही सारखेच. म्हणून आधी कागद-पेन घ्या.

मोडलेल्या बोल्टचा जोडीदार त्याच कव्हरवर किंवा ब्रॅकेटवर सहसा असतोच. मापं त्याचीच घ्या, कारण मोडलेला बऱ्याचदा ताणलेलाही असतो. तारेच्या ब्रशने आणि रॉकेलने आटे स्वच्छ झाल्याशिवाय व्हर्नियर (जाडी मोजायचं सरकतं माप) लावू नका. आट्यांवर घेतलेलं माप नावापेक्षा थोडं कमीच भरतं: एम१० चा बोल्ट ९.८ किंवा ९.९ दाखवेल. तेव्हा ८.८५ दिसलं तर तो झिजलेला वगैरे नसून सरळ एम९ आहे, ६.९ म्हणजे एम७, १०.८५ म्हणजे एम११. ही मापं कुणाची चूक नव्हे. आयएसओ २६१ या मिमी आट्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या तक्त्यात ९ आणि ११ तिसऱ्या पसंतीला आहेत, म्हणून ती दुकानात नसतात. गाड्यांमध्ये मात्र असतात. सित्रोएनच्या टू सीव्हीत एम७ आणि एम९ भरपूर, आणि फोक्सवॅगनच्या कितीतरी जुन्या इंजिनांचे हेड बोल्ट (सिलिंडरवरचं झाकण धरणारे) एम११ × १.५.

आता पिच, म्हणजे एका आट्याच्या टोकापासून पुढच्या आट्याच्या टोकापर्यंतचं अंतर. सगळी गफलत इथे होते. पिच गेजचं (वेगवेगळ्या दात्यांच्या पात्यांचा जुडगा) पान आट्यांत बसवून उजेडासमोर धरा. मधून उजेड दिसला तर ते पान चुकीचं. गेज नसेल तर एका टोकापासून पुढचे दहा आटे मोजून अंतर दहाने भागा: १२.५ मिमी भरलं तर पिच १.२५, १५ भरलं तर १.५. बोल्ट आखूड असेल तर ओळखीचा बोल्ट त्याला आडवा चिकटवून धरा. आटे शेवटपर्यंत एकमेकांत बसले तर पिच तोच; तिसऱ्या-चौथ्या आट्याला चढायला लागले तर नाही.

दुकानात न विचारता जो मिळतो तो जाड आट्यांचा: एम८ ला १.२५, एम१० ला १.५, एम१२ ला १.७५. जपानी गाड्यांना मात्र १० आणि १२ दोन्हींत १.२५ चे बारीक आटे आवडतात. टोयोटा, होंडाच्या चाकांचे नट बहुतेक १२ × १.५, तर सुझुकी, निसान, सुबारूचे १२ × १.२५, त्यामुळे शेजारच्या गाडीचा नट उसना घेताना जपून. ब्रेकच्या पाइपांच्या नटांत एम१० × १ नेहमी भेटतो. काही मोटरसायकलींच्या उजव्या आरशाला उलटे आटे असतात. तेही कागदावर लिहा.

इंची बोल्टची शंका एकदा तरी घ्या. ५/१६ इंचाचा बोल्ट ७.९४ मिमी, म्हणजे व्हर्नियरवर एम८ चा सख्खा भाऊ. त्याच्या बारीक आट्यांचा पिच १.०६ च्या आसपास, म्हणून एम८ × १ मध्ये तो दोन-तीन फेरे गुपचूप जातो आणि मग अडतो. दोघांच्या आट्यांचा कोन ६० अंशच, त्यामुळे आकारावरून कळत नाही.

अडल्यावर काय करू नये ते मी करून पाहिलंय. अॅल्युमिनियमच्या कव्हरमध्ये १.५ चा बोल्ट १.२५ च्या भोकात लावला, दीड फेऱ्याला अडला, आणि मी "रंग असेल आत" म्हणून पाना लावला. बोल्ट बसला, पुढच्या वेळी आट्यांसकट बाहेर आला. बोल्ट स्वस्तातली वस्तू, भोक इंजिनाचं. तेव्हापासून नवा बोल्ट बोटांनी पाच-सहा फेरे गेला नाही तर पाना उचलायचाच नाही.

पिच ठरला की बाकीचं भराभर लिहून होतं. लांबी डोक्याच्या खालून मोजायची, फक्त काउंटरसंक (डोकं पृष्ठभागात बुडणाऱ्या) बोल्टची डोक्यासकट. दांड्याचा किती भाग बिनआट्यांचा, फ्लँज (डोक्याखालची रुंद कड) आहे का, वायसर वेगळा आहे का, तेही लिहा. भोक आरपार नसेल तर त्याची खोली तपासा आणि आतलं तेल पुसून काढा. कोंडलेल्या तेलावर बोल्ट आवळला तर कास्टिंगला तडा जाऊ शकतो. डोक्याचं माप पाना जागेत मावतो का एवढ्यापुरतं: एम१० ला जपानी गाडीत १४ चा, इतरत्र १६ किंवा १७ चा पाना लागेल.

डोक्यावरचा आकडा विसरू नका. ८.८ म्हणजे ८०० मेगापास्कल ताणाला तुटणारा आणि त्याच्या ८० टक्क्यांवर, ६४० ला, कायमचा लांबणारा, १०.९ म्हणजे १००० आणि ९००. मूळ १०.९ असेल तर ८.८ चालत नाही. चकचकीत स्टेनलेसचा मोह तर टाळाच: ए२-७० या नेहमीच्या स्टेनलेस दर्जाचा ताण ७०० आणि आटे एकमेकांना धरून बसण्याची खोड वेगळी.

मग शोध. कंपनीच्या पार्ट कॅटलॉगमधला नंबर सगळ्यात आधी, कारण अडनिडा बोल्ट बऱ्याचदा तिथेच सरळ मिळतो. होंडाच्या साध्या फ्लँज बोल्टच्या नंबरात ०८०२५ दिसलं तर ८ जाडी, २५ लांबी. त्यानंतर फक्त नट-बोल्टचं काम करणारे व्यापारी. त्यांना जाडी, पिच, लांबी, आकडा या क्रमाने सांगा. भंगारातल्या त्याच इंजिनाचा बोल्ट कव्हर-ब्रॅकेटला ठीक. हेड, कनेक्टिंग रॉड, ब्रेक, स्टिअरिंगला नाही. शिवाय हेड बोल्ट अनेकदा एकदाच वापरायचे असतात. लेथवर बनवून घेतलेल्यालाही हीच मर्यादा, कारण कापलेले आटे लाटून काढलेल्या आट्यांइतके दमदार नसतात.

भोकाचेच आटे गेले असतील तर इन्सर्टचं (भोकात बसवायच्या नव्या आट्यांचं) किट मागवा, पण मूळ मापाचंच, म्हणजे जुना बोल्ट चालेल. ड्रिल किटमध्ये सांगितलेलाच वापरा. जाडीतून पिच वजा करायचा हिशोब साध्या टॅपचा (भोकात आटे पाडायच्या हत्याराचा), इन्सर्टचा नव्हे. एम९ चं भोक वाढवून एम१० करायचं म्हणाल तर वर बसणाऱ्या भागाच्या भोकातून दहाचा दांडा जातो का ते आधी पाहा.

आणि मिळाला की दोन घ्या. दुसरा डबीत, मापाच्या कागदासकट.