नव्या फर्निचरचा वास जात नाही? आधी कपाटं उघडा

घराचं काम संपलं की सगळे रंगाच्या वासाने वैतागतात. पण तो बहुतेक वेळा लवकर उतरतो. खरा चिवट असतो तो प्लायवूड आणि एमडीएफचा (लाकडाचा बारीक भुगा डिंकात दाबून केलेल्या बोर्डाचा). या बोर्डांच्या डिंकातून फॉर्मल्डिहाइड हा वायू महिनोन्‌महिने सुटत राहतो, उकाडा आणि दमटपणा वाढला की जास्तच. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो तो यानेही.

म्हणून कपडे लगेच आत रचू नका. कपाटांची दारं सताड उघडी, ड्रॉवर बाहेर ओढलेले, समोरासमोरच्या खिडक्या उघड्या आणि एका खिडकीत बाहेर तोंड केलेला टेबल फॅन, असं रोज काही तास चालू द्या. ड्रॉवरच्या तळाशी, फळीच्या मागच्या कडेला हात फिरवून पाहा. लॅमिनेट नसलेला खरखरीत, कच्चा बोर्ड लागला तर सुताराकडून पट्टी किंवा सीलर (बोर्ड बंद करणारा लेप) मारून घ्या. वायू तिथूनच जास्त सुटतो, आणि नेमकं तिथेच काम घाईघाईत उरकलेलं असतं.

बारीक धूळ झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने टिपा. एसीची जाळीही धुवा. उदबत्ती, रूम फ्रेशनर नकोच. वास झाकला जातो, वायू राहतो. एअर प्युरिफायर घेणार असाल तर हेपा फिल्टर फक्त धूळ धरतो. वायूसाठी अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनचा, म्हणजे वायू शोषणाऱ्या खास कोळशाचा, चांगला जाड थर हवा.