चेन सॉ उजवीकडे ओढत होता, ते असं सुधारलं

काप उजवीकडे वळत होता आणि भुशाऐवजी बारीक पीठ पडत होतं. पीठ म्हणजे दात बोथट. उजवीकडे वळणं म्हणजे डाव्या बाजूचे दात बोथट किंवा आखूड. बांधावरच्या झाडांत काटेरी तार, खिळे रुतलेले असतात. तिथे बहुधा एकाच बाजूचे दात मरतात.

इंजिन बंद केलं, स्पार्क प्लगची टोपी काढली, हातमोजे घातले. सगळ्यांत आखूड दात शोधून बाकीचे त्याच लांबीला आणले. ०.३२५ इंच पिचच्या (पिच म्हणजे चेनच्या कड्यांचं माप) चेनला ४.८ मिमीची गोल कानस, कोन ३० अंश. (३/८ इंच पिचच्या लो-प्रोफाइल, म्हणजे बुटक्या, चेनला ४ मिमी.) कानस पुढेच ढकलायची, मागे येताना उचलायची.

मग डेप्थ गेज, म्हणजे दातापुढचा उंचवटा: गेजपट्टी ठेवून सपाट कानशीने दाताच्या धारेपेक्षा ०.६५ मिमी खाली. इथे घाई नकोच! जास्त घासलं तर दात खोल रुततो, सॉ हिसके देतो आणि किकबॅकचा, म्हणजे सॉ अचानक आपल्याकडे उसळण्याचा, धोका वाढतो.

तरीही थोडी ओढ राहिलीच. बार, म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती लांब पट्टी, काढून सपाट फरशीवर कडेवर उभा केला, तर कलला. रेल, म्हणजे बारच्या खाचेची कड, एका बाजूने झिजलेली. दोन्ही रेल काटकोनात समपातळीत घासल्या, बार उलटा बसवला. काप सरळ.